पोटातून उघडलेलं पुस्तक

गुलजमीन पठाण रद्दी किलोवर विकतो,
पण डिरेक्टरीचे पैसे त्याने घेतले नाहीत.
एवढ्या मेलेल्या नंबरांचं वजन काय करू, म्हणाला,
आणि चहा मागवला.

चौऱ्याण्णव सालची. शारजाची.
डावीकडून उघडली तर इंग्रजी,
उजवीकडून उघडली तर अरबी.
दोघी मध्यावर येऊन पाठीला पाठ लावून बसलेल्या,
बोलणं टाकलेल्या जावांसारख्या.
मराठीसाठी बाजूच उरली नव्हती.
म्हणून मी पोटातून सुरुवात केली.

मी पत्रा कापणारा माणूस. सव्वीस वर्षं डक्ट केले,
गार हवेला वाट काढून दिली
दुसऱ्यांच्या खोल्यांत.
हात इतका हलका धरता येतो
हे कागदाने शिकवलं, तेही पन्नाशीनंतर.
शुक्रवारी, अबू शगाराच्या खोलीत,
खाटेवर पेपर पसरून
एका वेळी चार पानं, फार तर पाच.
कापलेलं सगळं दुधाच्या पावडरीच्या डब्यात.
पप्पच्चन विचारायचा, खाली खजिना आहे का?
मी म्हणायचो, खाडी आहे.

आणि खरंच खाडीच निघाली.
वर रुंद, खाली चिंचोळी,
काठाला पायऱ्या,
आणि पायरीपायरीवर तुटकी नावं:
...न्नूर टेलर्स
हाजी मोह...
...पेअर पार्ट्स (जुने व नवे)
एका दंतवैद्याच्या जाहिरातीतले नुसते दात.
सरळ वाचता येत नाही. बोट लावून उतरावं लागतं.

यात आमच्यापैकी कुणी नाही.
खोलीत अकरा जण; फोन कफीलच्या नावावर,
आणि कफीलच्याच घरात.
आमचा फोन म्हणजे कोपऱ्यावरची बकाला.
तिथला कुट्टी अनवाणीच धावत यायचा,
जिन्याखालून ओरडायचा, रत्नागिरी! रत्नागिरी!
नाव नाही, जिल्हा.
रत्नागिरीचे आम्ही तिघं. तिघंही धावत उतरायचो,
दोघं सावकाश परत वर.

एका ऑगस्टमध्ये मी खालीच राहिलो.
रिसिव्हरला कांद्याचा वास.
काका म्हणाले, मुलगी झाली. मग म्हणाले, आणि
लाइन गेली.
त्या 'आणि'ला धरून दोन दिवस
मी बकालाच्या फ्रिजला टेकून उभा.
तिसऱ्या दिवशी कळलं:
आणि पेढ्यांचे पैसे पाठव.

त्या बकालाची ओळ मला तळाशी हवी होती.
पान दोनशे एकोणऐंशी, तिसरा रकाना.
मोजत मोजत उतरलो, श्वास धरून,
आणि नेमकं शेवटच्या पानाला पातं घसरलं.
नंबराचे शेवटचे दोन आकडे गेले.
डबा उपडा करून रात्रभर शोधले.
आकडे खूप सापडले. ते कुठले, कसं ओळखणार?

केतकी व्हिजिटवर आली, तीस वर्षांची,
पर्समधून चष्मा काढून बघत बसली.
बाबा, हे काचेत ठेवायचं की वाचायचं?
म्हटलं, आधी हात धू.
तिने मनगटापर्यंत हात घातला,
टेलरवरून, हाजीवरून,
दातांपाशी हसली,
आणि उतरत उतरत तळाला टेकली.
एकेक आकडा मोठ्याने वाचला,
शाळेत उजळणी म्हणायची तशी.
मग थांबली. पुढे?

सहा, तीन, मी म्हटलं.

ती म्हणते, प्रदर्शनात पाठवू, तिच्या ओळखीचं कुणी आहे,
छान पॅक करून नेतील.
नेतील. पण सहा आणि तीन पुस्तकात नाहीत.
त्याला एकट्याला पाठवून कसं चालेल?
आणि माझी सुट्टी
मार्चशिवाय निघत नाही.